डॉक्टर सोनकांबळ्यांचं बोट

डॉक्टर सोनकांबळ्यांचे दोन कान एकमेकांशी जुळत नव्हते. डावा चांगला शाबूत होता. उजव्याची कड मात्र ठिकठिकाणी ओरबाडलेली, खालची पाळी एका जागी फाटून पुन्हा जुळलेली. नवा माणूस त्या कानाकडं बघायचा, नजर चुकवायचा आणि न राहवून पुन्हा बघायचा. मग डॉक्टर स्वतःच खुलासा करायचे, "बायको न्हाई हो, मांजरं." एवढं सांगून ते पुढच्या कामाला लागायचे आणि समोरच्याला आणखी कोड्यात टाकायचे.

अहमदपूरला मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. भाड्याची खोली मिळाली ती ढोराच्या दवाखान्याला लागून. सरकारदरबारी त्याचं नाव पशुवैद्यकीय दवाखाना असं होतं, पण एवढं लांब नाव घेण्याइतकी गावाला सवड नव्हती. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा, असं आम्ही म्हणायचो. खरं तर तो तिकडंही नव्हता. दवाखान्याच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पेंटरनं पिवळ्या रंगानं पुसून त्यावर 'लातूर' लिहिलं होतं. उन्हानं वरचा रंग उडाला आणि दोन्ही जिल्हे एकत्र दिसायला लागले. डॉक्टर म्हणायचे, "बरंच हाय की. कुणी रागवायला आलं तर आपुन दुसऱ्याचं नाव सांगायचं."

अडचण अशी होती की, काही मागितलं की दोन्ही जिल्हेही हेच करायचे. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची नळी उन्हानं चिरली होती. नवी मागितली तर जुना जिल्हा म्हणे नव्याकडं मागा आणि नवा म्हणे आमच्याच खुर्च्या अजून यायच्यात. मग डॉक्टरांनी थेट कान लावायला सुरुवात केली. बैलाला कान, शेळीला कान, मांजराला कान. पुढं नवी नळी आली, तरी ती नुसती गळ्यात असायची. "गळ्यात असली की मालकाला धीर येतो," ते म्हणायचे, "आन् कानानं मला येतो."

शेळ्या-बैलांनी या कानाला कधी काही केलं नाही. पण मांजराच्या छातीला कान लावायचा म्हणजे गाल त्याच्या पंजाखाली द्यायचा. डॉक्टर देत. दवाखान्याचा ड्रेसर ग्यानबा चारी पाय धरायचा म्हणे. प्रत्यक्षात तीनच धरायचा आणि चौथा डॉक्टरांच्या वाट्याला जायचा.

या कानाचा जोडीदार म्हणजे उजव्या हाताचं पहिलं बोट. मांजराला गुंगीचं इंजेक्शन दिलं, की डॉक्टर वाकून कान छातीला लावत आणि त्या बोटानं लोखंडी टेबलावर ठोका वाजवत. टक टक टक टक. आतलं काळीज जसं चालेल तसं बाहेर बोट. जाग्या मांजराचा ठोका इतका जलद असतो की, सुरुवातीला ते बोट नुसतं थरथरल्यासारखं दिसायचं. औषध चढत गेलं की एकेक टक सुटी ऐकू यायला लागायची. त्या वेळात दवाखान्यात कुणी बोलायचं नाही असा नियम होता. खिडकीतून बघणारे रिकामटेकडेसुद्धा तो पाळायचे. बोट चालू आहे तोवर मांजर आहे, एवढं साऱ्या गल्लीला पाठ झालं होतं.

मी पहिल्यांदा विचारलं की, मनातल्या मनात मोजलं तर चालत नाही का? त्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि तो यायच्या आत सांगून टाकलं, "गुरुजी, मी एक मांजर मारलंय."

नोकरीच्या सुरुवातीला ते मुदखेडला होते. एका बाईनं पाय मोडलेलं मांजर आणलं. डॉक्टरांनी हिशेब केला, वासरू एवढं तर डोस एवढा, मांजर एवढं तर डोस एवढा. सुई दिली, मांजर निजलं आणि हे पाठ फिरवून कातरी उकळायला लागले. वळून बघतात तर मांजर निजलेलंच होतं, पण कायमचं.

"कवा थांबलं ते बी मला कळलं न्हाई," ते म्हणाले. "मी पाठ करून उभा व्हतो. बाई मला विचारून राहिली, कवा उठंल? मी काय सांगू? तवापासून कान काढत न्हाई. आन् बोट मालकासाठी. आत काय चालू हाय ते त्याला बी कळाया पाहिजे. मांजर म्हंजे बारकं वासरू न्हवं, गुरुजी."

चहा आला तेव्हा तो मला गोड लागला नाही. पण हा माणूस मला त्या दिवसापासून आवडायला लागला, हेही खरं.

दुसरा एखादा डॉक्टर असली गोष्ट खोल पुरून ठेवेल. हे प्रत्येक इंजेक्शनच्या आधी सांगायचे. मालक मांजर टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच, "तुमाला आधीच सांगतो, मी एक मांजर मारलंय." निम्मी माणसं तिथूनच मांजर उचलून घरी न्यायची. ग्यानबा कपाळाला हात लावायचा. "साहेब, न्हाव्यानं वस्तरा दाखवून 'मी एकाचा कान कापलाय' म्हणावं का?" डॉक्टर शांतपणे म्हणायचे, "कापला असंल तर म्हणावं."

उरलेल्यांना ते गुंगीच्या औषधाचा पाठ द्यायचे. दुष्काळात पाण्याशिवाय दुसरा दाखला कुणाला पटत नव्हता, म्हणून तो पाण्याचाच असायचा. "ही सुई मांजराला निजवती, पर त्याच्यासंगं त्याचं काळीज बी पेंगतंय. ठोका निम्म्यावर येतो कवाकवा. बैलाचं काळीज म्हंजे पंचायतीची टाकी, घागरभर गेलं तर समजत बी न्हाई. मांजराचं म्हंजे तांब्या. त्यातून घोटभर गेलं तरी कळतंय. दुसरी एक सुई हाय, ती काळजाला पळवती. ज्याचं काळीज आधीच दमलेलं हाय, त्याला ती पळवून मारती. म्हणून आधी कान, मग सुई." ऐकणारा मान हलवायचा आणि विचारायचा, "मग टँकर कवा येणार?"

सरकारी तक्त्यात तर मांजरांना जागाच नव्हती. गाय होती, म्हैस होती, शेळी होती, वासरू होतं. उपचार केले तर दाखवायला हवेत, म्हणून डॉक्टर त्यांना वासरांच्या रकान्यात घालायचे. जन्मभर 'मांजर म्हंजे बारकं वासरू न्हवं' सांगणाऱ्या माणसानं कागदावर कितीतरी मांजरं वासरं म्हणून बरी केली. नव्या जिल्ह्यातून एकदा एक साहेब तपासणीला आले आणि चारा छावणीत हाडं निघालेली जनावरं बघून झाल्यावर म्हणाले, "तुमच्याकडं वासरांची तब्येत फार छान आहे." डॉक्टर म्हणाले, "हाव साहेब. दूध पिऊन ऱ्हायलीत." ग्यानबाला बाहेर जाऊन हसावं लागलं.

दवाखान्यासमोर रहमतखाला, साऱ्या गल्लीच्या मावशी, राहायच्या. एकट्या. नवरा कधीच गेलेला, दोन्ही मुलं हैदराबादला. पायांनी चालवायच्या शिलाई मशीनवर त्या गल्लीभराचे परकर-झबली शिवायच्या. त्यांची मांजर बेगम, पांढरी, जाडी, वयस्कर. खाला मशीन चालवायला बसल्या की बेगम मशीनच्या लाकडी फळीवर चाकाजवळ जाऊन पडायची आणि फळीच्या थरथरीबरोबर झोपून जायची. मुलं हैदराबादला बोलवायची, तर खाला म्हणायच्या, "बेगम कू वहाँ का पानी नहीं जमता." अहमदपुरात त्या वेळी पाणीच नव्हतं, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

डॉक्टरांनी एकदा सहज बेगमच्या छातीला कान लावला होता. मग बोट वाजवायचं सोडून नुसतेच ऐकत राहिले. "खाला, हिच्या दोन ठोक्यांच्या मधी फुस् असा आवाज येऊन राहिला. काळजाची झडप गळती. खाऊ द्या, पिऊ द्या, निजू द्या. फकस्त गुंगी द्यायची पाळी येऊ नये."

ती पाळी उन्हाळ्यात आली. खाला एका सकाळी अनवाणी धावत दवाखान्यात शिरल्या, पदरात बेगम. बेगमच्या तोंडातून लाल दोरा लोंबत होता. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला शिवणाची सुई होती आणि ती बेगमनं गिळली होती.

टँकर नुकताच आला होता. दवाखान्याच्या भिंतीला लागून घागरींची रांग होती. रांगेतल्या बायका घागरींची जागा न सोडता खिडकीत गोळा झाल्या, कसं जमवलं ते त्यांनाच ठाऊक. "ओढा की वो दोरा!" एकजण म्हणाली. दुसरीनं हातही घातला. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील. "दोऱ्याला कुणी हात लावायचा न्हाई! आत फाटंल!"

त्यांनी तोंड उघडून बघायचा प्रयत्न केला. बेगमनं कानाची आणखी एक चिंधी केली. पण तेवढ्यात दिसलं. सुई जिभेच्या मुळाशी आडवी रुतली होती. चिमट्यानं निघण्यासारखी होती, पण मांजर निश्चल हवं. म्हणजे गुंगी. आणि कपाटात औषध होतं ते एकच, बैल खाली बसवणारं, काळीज पेंगवणारं.

डॉक्टर खालांच्या समोर उभे राहिले. "खाला, मी एक मांजर मारलंय."

"मालूम है," खाला म्हणाल्या. "सारे गाँव कू मालूम है. अब क्या करना वो बोलो."

"सुई काढली न्हाई तर ही उपाशी मरंल. काढायची तर गुंगी द्यावी लागतीय. पुरी दिली तर काळीज झेपायचं न्हाई. थोडी दिली तर ही भीतीनं झगडंल, आन् भ्यालेल्या मांजरावर थोडं औषध चालतच न्हाई. भीती उतरली तर निम्म्यात भागंल. पर भीती कशी उतरवू?"

खाला रडत होत्या. बेगम घशातून गुरगुरत होती. मी आपला विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळं मला काहीच सुचत नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरांनी समोर खालांच्या घराच्या उघड्या दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "ग्यानबा, मशीन आन."

अहमदपूरच्या त्या गल्लीतून शिलाई मशीनची जी मिरवणूक निघाली, तशी मी पुन्हा पाहिली नाही. मशीन लोखंडी पायांची, जड. ग्यानबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. घागरींच्या रांगेतून वाट काढायची तर प्रत्येक बाईला वाटे की, हे मधे घुसून नंबर लावताहेत. "मशीनला कशाला पाणी?" एकीनं विचारलंच. ग्यानबानं तिला सांगितलं की, मांजराचं ऑपरेशन आहे. मग तिनं वाट दिली, पण आमच्याकडं बघायची तिची नजर बदलली.

लोखंडी टेबलाला टेकवून मशीन मांडली. खाला स्टुलावर बसल्या, पायांनी पायडल दाबायला लागल्या. बेगमला फळीवर तिच्या जागी ठेवलं. पहिल्यांदा ती ताठ होती. मशीन चालत राहिली, खड खड खड खड, दोरा नाही, कापड नाही, नुसतीच. हळूहळू तिचे कान खाली आले. ती कुशीवर पडली. डॉक्टरांनी पिचकारीत औषध घेतलं, बघितलं, निम्म्याहून जास्त बाहेर सोडलं आणि उरलेलं बेगमला कळायच्या आत देऊन टाकलं. शेजारी दुसरी पिचकारी भरून ठेवली होती, माणसांच्या दवाखान्यातून उसनं आणलेलं, मंदावलेला ठोका उठवायचं औषध.

मग उजवा कान छातीवर आणि बोट टेबलावर.

टक टक टक टक. मशीनचा आवाज आणि बोटाचा आवाज. खिडकीत साऱ्याजणी गप्प. टँकरवाल्यानंसुद्धा पाणी सोडायचं थांबवलं होतं. ठोके सुटे होत गेले. टक. टक. टक. खालांचा पाय अडखळला तसे डॉक्टर कान न उचलता म्हणाले, "पाय चालू ठेवा, खाला. पाय चालू ठेवा." पाय पुन्हा चालू झाला. बेगमची जीभ सैल पडली. मांजरांना असतो तो तिसऱ्या पापणीचा पडदा डोळ्यावर आला.

आणि बोट थांबलं.

त्याचं काय झालं होतं ते सांगतो. जीभ एका हातानं धरायची आणि चिमटा दुसऱ्या हातात, त्यासाठी डॉक्टरांना दोन्ही हात लागत होते. कान जागेवरच होता, ठोका त्यांना ऐकू येत होता. पण साऱ्या गावाला आपण बोट ऐकायला शिकवलंय, हे त्या क्षणी ते साफ विसरले. माझ्या लक्षात आलं नाही, ग्यानबाच्या आलं नाही. खालांनी टेबलाकडं बघितलं, बोट नव्हतं. "या अल्ला, मेरी बेगम!" म्हणून त्या स्टुलावरून ज्या कलंडल्या, त्या थेट माझ्या अंगावर. मशीन थांबली. खिडकीतून एकदम रडणं सुरू झालं. घागरी गडगडल्या. मागच्या रांगेत कुणी तरी विचारत होतं, "कोण गेलं, डाक्टर का खाला?"

"अरे गप बसा! ठोका ऐकू येईना!" डॉक्टर ओरडले, आणि उजव्या हातातला चिमटा वर केला. त्यात सुई होती, लाल दोऱ्यासकट.

मशीन थांबल्यामुळं असेल किंवा आरडाओरड्यामुळं, बेगमनं एक डोळा उघडला. त्या औषधाचा आणखी एक गुण आहे, त्यानं मांजरांना ओकारी येते. डॉक्टरांचा कान अजून छातीवर, म्हणजे बेगमचं तोंड सोयीच्या ठिकाणी होतं. बेगम त्यांच्या कॉलरमध्ये मनसोक्त ओकली. डॉक्टरांनी मान हलवली नाही. बोट पुन्हा टेबलावर आलं. टक टक टक. आता जरा जलद.

ग्यानबानं बादली भरून पाणी आणलं. रांगेतल्या एकाही बाईनं नंबर विचारला नाही. त्या उन्हाळ्यात याहून मोठा सत्कार अहमदपुरात कुणाचा झाला नसेल. निम्मं पाणी खालांच्या तोंडावर मारलं, निम्म्यात डॉक्टरांचा शर्ट धुतला. खाला शुद्धीवर येऊन पहिल्यांदा काय बोलल्या असतील? "डाक्टरसाब, उंगली कायकू रोके?" डॉक्टर ओल्या बनियनवर उभे होते. म्हणाले, "चुकलं खाला. तिसरा हात न्हाई मला." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मला वाटतं, मुदखेडची ती बाई त्या दिवशी त्यांच्या मनातून थोडी बाजूला सरकली असावी. पूर्ण नाही. कारण दुसऱ्या दिवशी नवं मांजर आलं तेव्हा त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, "मी एक मांजर मारलंय." फक्त ग्यानबानं मागून भर घातली, "आन् एक वाचवलंय!"

बेगम पुढं म्हातारपणानं गेली, मशीनच्या फळीवरच, झोपेत. खाला मग हैदराबादला गेल्या. डॉक्टरांची बदली किनवटला झाली, माझी औशाला, आणि भेटी लग्नकार्यावर आल्या. निवृत्तीनंतर ते नांदेडला स्थायिक झाले. गल्लीतली पोरं मांजरं घेऊन यायची म्हणे. गेले तेव्हा मला उशिरा कळलं, मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण माझ्या मनात राहिलेली त्यांची शेवटची भेट त्याच्या आधीची आहे, आणि ती रडकी नाही.

त्यांचा स्वतःचा ठोका मंद झाला होता. नांदेडच्या दवाखान्यात छातीत ठोके लावून देणारं यंत्र बसवायचं ठरलं. मी सकाळीच गेलो. लोखंडी कॉटवर ते उताणे पडले होते आणि बोट कॉटच्या दांडीवर चालू होतं. टक... टक... टक... मला बघून म्हणाले, "जयभीम, गुरुजी. माझाच ठोका ऐकून राहिलो. बैलाचा हाय बघा, सावकाश."

मी स्टुलावर बसलो. शाळेच्या गप्पा निघाल्या, बेगमच्या निघाल्या. बोलता बोलता बोट थांबलं. मी ताडकन उठून "सिस्टर!" म्हणून असा ओरडलो की, शेजारचा पेशंट उठून बसला. डॉक्टरांनी एक डोळा उघडला. "गुरुजी, नाकाला खाज सुटली तर खाजवू बी नको का?"

गुंगी देणारा डॉक्टर आला, कोवळा पोरगा. ह्यांनी त्याचा हात धरला. "तुमाला आधीच सांगतो," म्हणाले, "मी एक मांजर मारलंय." पोरगा माझ्याकडं बघायला लागला. "पाठ करून उभा व्हतो. तुमी माझ्याकडं पाठ करू नका, एवढंच." पोरगा हसला नाही. "नाही करणार, काका," म्हणाला. मला तो पोरगा फार आवडला.

मग त्यांना ढकलगाडीवर घेतलं. मान वळवून त्यांनी मला बघितलं. डोळ्यांत थोडी भीती होती. इतकी वर्षं दुसऱ्यांची उतरवली, ती आता त्यांच्याकडं आली होती.

"गुरुजी," ते म्हणाले, "पाय चालू ठेवा."

गाडी निघाली. मी तिथंच स्टुलावर बसलो आणि फरशीवर पाय हलवायला लागलो, टाच खाली, चवडा वर, चवडा खाली, टाच वर. सिस्टर येऊन उभी राहिली आणि विचारायला लागली की, काका, तुम्हाला काही होतंय का? मी मानेनंच नाही म्हटलं. दाराशी पोचेपर्यंत त्यांचं बोट गाडीच्या दांडीवर वाजत होतं. दार बंद झालं, आवाज येईनासा झाला. आतून तो पोरगा येऊन "झालं, काका, छान झालं" म्हणेपर्यंत मी पाय थांबवला नाही.